डब्याच्या बुडाला बारा शब्द

आमच्या कोरीटात दिवसाढवळ्या घराला कुलूप दिसलं की लोक थांबून विचारतात, कोणी दवाखान्यात आहे का? कारण धडधाकट माणसं गावातच असताना कुलूप लावायचं तरी कोणासाठी? शेजाऱ्यांसाठी? मग ते शेजारी कसले! दार नुसतं ओढून घ्यायचं आणि कडी घालायची, तीही कुत्र्यांसाठी. मी याच गावची लेक, त्यामुळे माझ्या कॉम्प्युटरचीही तीच तऱ्हा होती. त्याला पासवर्ड होता, पण तो टिकलीच्या पाकिटामागच्या कोऱ्या बाजूवर लिहून मॉनिटरलाच चिकटवलेला होता. कोणाला पीकविम्याचा अर्ज भरायचा असे, कोणाला सातबारा छापायचा असे. मी आंघोळीला गेलेली असले तरी लोक येत, बसत, काम करत आणि जाताना पंखा बंद करून जात. मला त्यात काही वावगं वाटत नसे.

सासर सोडून मी माहेरी आले त्याला बरीच वर्षं झाली. भाऊ कधी वाकडं बोलला नाही, वहिनीही नाही. पण माहेरी परतलेल्या बाईला घरात जागा मिळते ती इतरांची जागा सोडून उरलेली. कपाट मागितलं तर कपाटातला एक कप्पा मिळाला. ओसरीलगतची खोली कामाला दिली, पण तिच्यात वर्षभराचा कांदाही राहिला. माझ्या नावाची लग्नातली भांडी सासरी राहिली आणि मी ती मागायला गेले नाही, कारण त्या दारात पुन्हा उभी राहणार नाही असं मी ठरवलं होतं. मनात एकच गोष्ट धरून होते. मला माझं घर हवं होतं. नंदुरबारात, दोन खोल्यांचं का होईना, पण ज्याच्या दाराची किल्ली माझ्या कमरेला असेल असं. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. सांगितली असती तर भावाला वाईट वाटलं असतं आणि गावाला विषय मिळाला असता.

माझं काम फोटो कापण्याचं. परदेशातली एक बाई चिनी मातीची भांडी विकते, ती फोटो पाठवते आणि मी त्यांच्यामागची भिंत, टेबल, मांजर वगैरे काढून टाकते. बँकेच्या वाटेने मोबदला यायचा म्हणजे तिलाही नको जीव व्हायचा आणि मलाही. म्हणून तिने बिटकॉइनमध्ये देऊ का विचारलं. मी हो म्हटलं, वाचून घेतलं, कराच्या वेळी सगळं सरकारला दाखवलं. ते साठत गेलं एका एक्स्चेंजच्या खात्यात. एक्स्चेंज म्हणजे हे नाणं विकत घ्यायचा आणि विकायचा ऑनलाइन बाजार. माझं घर तिथे साठतंय असं मी मनात म्हणायचे.

मग एके दिवशी बातमी वाचली की असलाच दुसरा एक बाजार बंद पडला आणि लोकांचं सगळं आत अडकलं. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की बाजाराच्या खात्यात आहे ते माझं नाहीच. ते माझ्या नावावर त्यांच्याकडे आहे, म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या कपाटातला कप्पाच! त्या क्षणी ठरवलं, वॉलेट, म्हणजे ही नाणी ठेवायचं पाकीट, स्वतःचं घ्यायचं, आणि त्याची किल्ली माझ्याकडे राहील असंच घ्यायचं.

वॉलेट किती प्रकारची, देवा! फोनमधलं, कॉम्प्युटरमधलं, खिशातल्या लहानशा यंत्रातलं. मी आधी फुकटातलं निवडलं, कॉम्प्युटरमधलं. ते सुरू केलं की ते तुम्हाला बारा साधे इंग्रजी शब्द देतं, ठरलेल्या क्रमाने. ते बारा शब्द म्हणजेच किल्ली. ज्याच्या हाती ते शब्द, त्याचं सगळं. यंत्र हरवलं, जळलं, तरी शब्द असले की सगळं परत मिळतं. आणि शब्द गेले की तक्रार करायला कुठे ऑफिस नाही, साहेब नाही, काही नाही.

त्या वॉलेटमध्ये काहीतरी अडलं म्हणून एका ग्रुपवर प्रश्न विचारला. लगेच एकाचा मेसेज आला, मी सपोर्टवाला आहे. बोलायला इतका गोड! मॅडम, एक छोटंसं अ‍ॅप टाका, मी इथूनच बघतो, तुम्ही फक्त अलाऊ दाबा. मी दाबलं. आमच्याकडे दारात आलेल्याला आत ये म्हणायची सवय, तीच बोटांत उतरलेली. आई शेजारी मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. मी माऊसवरून हात काढला आणि पदराने डोळे पुसायला लागले, कारण ठसका लागला होता. तर स्क्रीनवरचा बाण आपोआप सरकायला लागला.

"हाई कोन फिराई ऱ्हायनं वं?" आईने विचारलं. म्हणजे हे कोण फिरवतंय गं.

मी बघतच राहिले. त्या बाणाने माझी कागदपत्रांची पेटी उघडली, बंद केली. मग वॉलेट उघडलं. मग 'गुप्त शब्द दाखवा' तिथे जाऊन थांबला. माझ्या घरात शिरून कोणी डब्यांची झाकणं उघडून बघावी, असं वाटलं मला. तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे मेल्या!" म्हणून मी ओरडले आणि भिंतीतला प्लग असा उपटला की सॉकेटच बाहेर आलं. मिरच्यांची पाटी सांडली ती वेगळीच. आई म्हणाली, "मशीनवर कसानी चिडस तू?" मी मशीनवर नाही, स्वतःवर चिडले होते.

नशीब बलवत्तर म्हणून ते वॉलेट अजून रिकामं होतं. माझं साठवलेलं अजून बाजारातच होतं. पण ते शब्द त्या चोराने बघितले असणार, म्हणजे ते वॉलेट माझ्यासाठी मेलं. दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, इंटरनेट तोडून, आणि त्यात काय काय आहे ते बघायला बसले. बाई गं! अर्ध्या गावाचे पेनड्राइव्ह त्यात लागून गेले होते. फुकटचे फॉन्ट, कोणाच्या तरी पत्त्यांचे खेळ, कुठल्या लग्नाचे व्हिडिओ, मी कधी न टाकलेले प्रोग्राम. जो कॉम्प्युटर मी माझा म्हणत होते तो गावाचा पार होता. कोणीही यावं, बसावं, पान खाऊन उठावं. असल्या पारावर मी माझं घर ठेवायला निघाले होते.

मी फोटो आणि कागद तेवढे बाजूला काढले आणि सगळं पुसून टाकलं. फॉरमॅट. नवीन सिस्टीम टाकली, मोठा पासवर्ड घातला आणि टिकलीचं पाकीट फाडून चुलीत टाकलं. कॉम्प्युटर ओसरीलगतच्या खोलीतून उचलून आतल्या अडगळीच्या खोलीत नेला. आणि त्या खोलीला कुलूप लावलं. दिवसा.

मग काय, आभाळच कोसळलं! पहिली शेजारीण आली ती थेट आईला विचारायला, ताईला बरं नाही का? दुसरा म्हणाला, ताईंनी दुकान बंद केलं वाटतं. तिसऱ्याने भावाला शेतात गाठून सांगितलं की तुझ्या बहिणीचं गावावर काय वाकडं आहे ते तरी कळू दे. भाऊ संध्याकाळी जेवताना मान खाली घालून म्हणाला, "कुलूप काढ ना. लोकांना काय सांगू मी?"

"सांग की बहीण माजली म्हणून," मी म्हणाले.

आईला तर ते फारच लागलं. ती बठ्ठास्ले, म्हणजे सगळ्यांना, देणारी बाई. तिच्याकडचं ताट, वाटी, विळी, पाटा, काहीही कोणाच्याही घरी सापडेल. "लोकेस्ले नही कशी म्हनशी वं?" ती म्हणाली. "दारवर येल मानूसले परत धाडतस का?" दारावर आलेल्याला परत पाठवतात का, हा तिचा प्रश्न. तिच्या दृष्टीने त्याला उत्तरच नव्हतं.

उत्तर मी शोधलं. शहाद्याहून एक जुना, खोकत चालणारा कॉम्प्युटर आणला आणि ओसरीत मांडला. प्रिंटर त्यालाच जोडला. पासवर्ड नाही, काही नाही. या, बसा, पेनड्राइव्ह खुपसा, पंखा बंद करून जा. त्याच्यावर माझं एक अक्षरही नव्हतं. गाव दोन-चार दिवस नाक मुरडत होतं, मग लागलं अर्ज भरायला. आतल्या खोलीचं कुलूप मात्र मी काढलं नाही. माणसं चांगली आहेत म्हणून सगळी दारं उघडी टाकायची नसतात, एवढं त्या सरकत्या बाणाने मला शिकवलं.

मग खिशात मावेल असं यंत्र मागवलं. ते कुठल्याही दुकानातून, कोणाकडून वापरलेलं, स्वस्तातलं घ्यायचं नाही, बनवणाऱ्याकडूनच घ्यायचं, एवढं आता कळत होतं. पाकिटाचं सील दहादा बघितलं. यंत्राने नवे बारा शब्द दिले, त्याच्याच इवल्या पडद्यावर. ते कॉम्प्युटरला कधी दिसतच नाहीत, हेच तर त्याचं वैशिष्ट्य. आधी अगदी थोडंसं पाठवून बघितलं. मग मुद्दाम यंत्र पुसून टाकलं आणि शब्द घालून परत उठवलं. उठलं! तेव्हा कुठे बाकीचं सगळं बाजारातून काढून त्यात आणलं. त्या दुपारी मी खोलीला कुलूप लावून एकटीच हसत बसले होते.

आता शब्द ठेवायचे कुठे? कागदावर? आमच्या वडिलांच्या ट्रंकेतले कागद वाळवीने असे खाल्ले होते की हात लावला तर माती. फोनमध्ये फोटो काढून? फोन म्हणजे तर चालतं-फिरतं दार. विचार करत स्वयंपाकघरात उभी होते आणि समोर मांडणीवर भांडी होती. आमच्या भागात भांडं नावाशिवाय घरात येत नाही. कोणी कोणाला काय निमित्ताने दिलं, ते मशीनने कोरून घेतलेलं असतं. आजोबांच्या लग्नातली परात आमच्याकडे आहे. ती चेपली, काळी पडली, पण नाव अजून शाबूत. वाळवी लागत नाही, पूर येवो की आग लागो, अक्षर राहतं. डोक्यात लख्ख उजेड पडला.

नंदुरबारच्या भांड्यांच्या दुकानदाराकडून ते नाव घालायचं मशीन मी भाड्याने आणलं. तो म्हणाला, नाव सांगा, मी घालून देतो. मी म्हटलं, नाही, माझी मीच घालणार. घरची सगळी कापूस वेचायला गेलेली असताना मी स्टीलचा एक मोठा डबा पालथा घातला आणि त्याच्या बुडावर टर्र टर्र करत बारीक अक्षरांत बारा शब्द कोरले, क्रमाने, गोल. मशीन असं उडत होतं की एक अक्षर फुलीसारखं झालं. डबा मांडणीच्या सगळ्यात वरच्या फळीवर, मागच्या रांगेत ठेवला. दुसरी प्रत ठेवावी असं सगळीकडे सांगितलेलं असतं. मला वाटलं, दोन जागा म्हणजे सापडायच्याही दोन जागा. अतिशहाणपणा, दुसरं काय.

पुढच्या अखाजीला, म्हणजे आमच्या अक्षय्य तृतीयेला, धाकटी बहीण माहेरी आली. तिचं सासर पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याजवळ. झोके झाले, गाणी झाली, आंब्याचा रस झाला. त्याच दिवसांत मला नंदुरबारात घर सापडलं. दोन खोल्या, मागे धुण्याची मोरी, पुढे कडुनिंबाचं झाड. मालक म्हणाला, दुसरं गिऱ्हाईक आहे, पण तुम्ही या आठवड्यात केलंत तर तुमचं. मी भावाला अजून सांगितलं नव्हतं, पण मनातल्या मनात त्या मोरीत कपडे धुऊन झाले होते.

विकायचं म्हणून यंत्र हातात घेतलं. पिन मी नुकताच बदलला होता, सुरक्षेसाठी, हो ना! नवा घातला तर चूक म्हणे. जुना घातला, चूक. मग माझं डोकं फिरलं आणि तिसऱ्यांदा दोन्ही मिसळून काहीतरी घातलं. ते यंत्र एवढ्याचसाठी बनवलेलं असतं. त्याने चोर समजून स्वतःला पुसून टाकलं. पडदा कोरा. मी म्हटलं, मरो, शब्द आहेत ना. उठले आणि मांडणीवरच्या फळीकडे हात नेला.

डबा नव्हता.

"धाकट्या ताईंसोबत गेला ना," वहिनी पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "बिबड्या भरून दिल्या आईंनी. मोठा डबाच लागतो त्यांना." बिबड्या म्हणजे ज्वारीचे मोठाले पापड. लेक माहेरून रिकाम्या हाताने जात नाही, आणि डबा दिला तर तोही भरून जातो. आई तिला गाडीत बसवायला नंदुरबारला गेली होती आणि तिथून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणार होती. ती फोन बाळगत नाही. मी चुलीपाशीच बसले.

बहिणीला फोन लावला. तिच्याकडे फोन कायम स्पीकरवर, घरी सासू-जावा ऐकतात, आत्ता सगळी बस. काय सांगणार? डब्याच्या बुडावर माझं घर आहे म्हणून? एवढंच म्हटलं, "आईने दिलेला डबा मला परत हवाय."

ती म्हणाली, "माहेरचा डबा परत मागतेस?"

सगळ्यांदेखत तिचं नाक कापलं मी. पण थांबून चालणार नव्हतं. तशीच निघाले. नंदुरबारहून प्रकाशाच्या पुलावरून शहाद्याची बस, खाली तापीचं पाणी, आणि माझ्या डोक्यात एकच, बहिणीच्या घरच्या कोणी तो डबा घासायला पालथा घातला तर? कोणी गंमत म्हणून फोटो काढला तर? आणि जुन्यात देऊन नवीन भांडं घेतलं तर सगळंच संपलं. लोकांना चोराची भीती असते. मला त्या बसमध्ये घासणीची भीती वाटत होती.

बहिणीच्या ओट्यावर डबा होता. तिने तो आधीच रिकामा करून, धुऊन, पुसून ठेवला होता. "घे," म्हणाली आणि आत गेली. मी तिथेच डबा उलटा केला. बुडावर वहिनीच्या वडिलांचं नाव होतं, ठसठशीत. हा तो डबाच नव्हता.

आत जाऊन मी बहिणीच्या पायांशीच बसले. काय सांगितलं ते आठवत नाही, रडत मात्र होते. तिने समजून घेतलं की नाही देव जाणे, पण चहा दिला आणि तोच डबा उसाच्या गुळाने भरून माझ्या हातात ठेवला. रिकामा कसा देईल? आमच्याकडची रीतच आहे ती.

संध्याकाळी घरी पोहोचले तेव्हा आई ओसरीत डोळ्यात औषध घालून आडवी झाली होती. मी दारातूनच विचारलं, फळीवरचा मोठा डबा कुठे आहे?

"कोनता? तुन्हा?" ती उठून बसली.

"माझा?"

ती भिंत धरत धान्याच्या कोठीपाशी गेली. झाकण काढलं, ज्वारीत कोपरापर्यंत हात घातला आणि डबा वर ओढला. दाणे खाली सांडत राहिले.

"दपाडी ठेवा मी," ती म्हणाली. लपवून ठेवला होता. "बिबड्या भराले काढा, तं बुडले तुन्हं नाव दिसनं. विंग्रजीमा टाकेल शे ना? मशीन लई येल व्हती तू, माले म्हाईत शे. बठ्ठा भांडास्वर बठ्ठास्ना नावे शेतस या घरमा, तुन्हं एकबी नही. हाऊ डबा मी कोनलेच देवाव नही. तुन्हा घर लई जाशी."

जी बाई दारावर आलेल्या कोणाला कधी नाही म्हणाली नाही, तिने पहिल्यांदा एक भांडं नाकारलं होतं. आपल्या सख्ख्या लेकीलाही. बुडावर तू इंग्रजीत तुझं नाव टाकलंस, या घरात सगळ्यांच्या नावाची भांडी आहेत, तुझं एकही नाही, म्हणून हा तू तुझ्या घरी नेशील, म्हणाली. माझ्या घराचं मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. ते माझं नाव नाही, हे सांगायला तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं.

त्याच संध्याकाळी शब्द घालून यंत्र उठवलं. सगळं जिथल्या तिथे होतं. पण मी शिकले होते. यंत्राला नवे शब्द मागितले, सगळं त्या नव्या शब्दांकडे हलवलं आणि मग विकायचं ते विकलं. नवे शब्द कशावर आणि कुठे आहेत ते मी इथे लिहिणार नाही, आणि ते दोन ठिकाणी आहेत एवढंच सांगते. भावाला घराचं सांगितलं. त्याने सामान न्यायला स्वतःच ट्रॅक्टर जुंपला.

वास्तूच्या दिवशी कोरीटाहून बायका आल्या, बहीणही आली. मी नैवेद्याचं बघत होते आणि आतून आईचा आवाज आला. तिने डबा पालथा घालून मांडीवर घेतला होता आणि एकेकीला जवळ बोलावून, कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत, सांगत होती, "हाई मन्ही आंडेरनं नाव."

आंडेर म्हणजे लेक. जे शब्द कधी कोणाला दाखवायचे नसतात, ते सगळं गाव वाकून वाकून बघत होतं. आता त्यांनी काहीच उघडत नव्हतं. बहिणीने माझ्याकडे बघितलं, तिला इंग्रजी वाचता येतं.

"दाखव आई," मी म्हणाले, "सगळ्यांना दाखव."